बोटभर रुंदीची रेल्वे

दीड मीटर लांब आणि फूटभर रुंद अशी एक फळी घ्या. तिच्यावर रूळ टाका आणि दोन सांधे बसवून त्या एका रुळाच्या तीन शाखा करा. सर्वांत लांब शाखेत पाच वाघिणी उभ्या राहाव्यात, बाकीच्या दोन शाखांत तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे फक्त इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढाच रूळ ठेवा. आता आठ निरनिराळ्या वाघिणी या शाखांत उभ्या करा, त्यांच्या नावाच्या आठ चिठ्ठ्या करा, त्यांतल्या पाच उचला आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब शाखेत लावून दाखवा. वाघिणीला हात लावायचा नाही. जे करायचे ते इंजिनाने, ओढून आणि ढकलून.

अशा किती वेगवेगळ्या गाड्या मागता येतील? आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६,७२०. रोज एक गाडी लावली तरी १८ वर्षे पुरतील. इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांनी ‘इंगलनुक सायडिंग्ज’ नावाच्या आपल्या छोट्याशा लेआउटवर हा खेळ मांडला, आणि आता जगभरचे हौशी लोक या मांडणीलाच ‘इंगलनुक’ म्हणतात.

मॉडेल रेल्वे म्हटले की डोळ्यांपुढे येते ती खोलीभर पसरलेली डोंगर-दऱ्यांची दुनिया. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस उसासा टाकून विषय सोडून देतो. म्हणून मी मुद्दाम फळीपासून सुरुवात केली. ती पलंगाखाली सरकते, कपाटावर चढते, आणि तिच्यावर जे शिकायला मिळते ते सारे मोठ्या लेआउटला जसेच्या तसे लागू पडते.

गाडीला काम हवे

नवशिक्याची पहिली मांडणी बहुधा लंबगोल असते. पेटीतून आलेले रूळ जोडले की आपोआप लंबगोल होतो. गाडी त्याच्यावर फिरते, घरातले सगळे कौतुक करतात, आणि पंधरा दिवसांत पेटी माळ्यावर जाते. यात दोष गाडीचा नसतो. जिथून निघाली तिथेच परत येणाऱ्या गाडीला जाण्याचे कारणच नसते.

अमेरिकेत १९४०च्या दशकात फ्रँक एलिसन यांनी लेआउटची तुलना नाटकाच्या रंगमंचाशी केली. रूळ म्हणजे रंगमंच, भोवतालचा देखावा म्हणजे नेपथ्य, गाड्या म्हणजे पात्रे आणि वेळापत्रक म्हणजे संहिता. ही तुलना आजही टिकून आहे याचे कारण ती व्यवहाराची आहे. पात्र विंगेतून येते आणि विंगेत जाते. लेआउटवरही पडद्याआड, पुठ्ठ्याच्या डोंगरामागे किंवा एखाद्या पुलाच्या पलीकडे, दोन-तीन लपवलेले रूळ ठेवले की तिथून गाडी ‘मुंबईहून’ येते आणि तिथेच ‘नागपूरला’ जाते. प्रेक्षकाला दिसते ते फक्त मधले स्टेशन.

मग गाडीला काम कोणते द्यावे? आपल्याकडे यासाठी विदर्भाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या कंपनीने बांधली ती मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी. दोन रुळांमधले अंतर ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट. आतल्या गावांतून कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथे नॅरोगेजच्या वाघिणींतून उतरून ब्रॉडगेजच्या वाघिणींत चढायचा आणि मुंबईकडे रवाना व्हायचा. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. आता विचार करा: मूर्तिजापूरचा मालधक्का म्हणजे इंगलनुकच की. एक शाखा धक्क्याची, एक जिनिंग फॅक्टरीची, एक गाडी लावण्याची. कार्तिकात कापसाची आवक सुरू झाली की भरलेल्या वाघिणी धक्क्याला लावायच्या, रिकाम्या बाहेर काढायच्या, आणि मधेच पॅसेंजर आली की शंटिंग थांबवून तिला वाट द्यायची. दीड मीटरच्या फळीवर इतका धंदा होतो.

शून्याचा झाला ‘ओ’

आता मापांकडे वळू, कारण दुकानात गेल्यावर पहिला घोळ इथेच होतो. प्रमाण आणि गेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खऱ्या वस्तूच्या तुलनेत मॉडेल कितीपट लहान, ते प्रमाण. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, ते गेज.

जर्मनीतल्या गॉपिंगनची मार्क्लिन ही कंपनी १८५९ सालची. ती बाहुल्यांच्या खेळभांड्यांपासून सुरू झाली. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने खेळण्यातल्या रेल्वेसाठी क्रमांकाने ओळखली जाणारी ठरावीक गेजे मांडली. तोवर एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नव्हती. पुढे एक नंबरपेक्षा लहान गेज निघाले, त्याला साहजिकच शून्य नंबर मिळाला. हे शून्य ३२ मिमीचे. इंग्रजी बोलणाऱ्यांनी शून्याला ‘ओ’ हे अक्षर म्हणून टाकले. त्याच्या जवळपास अर्धे, साडेसोळा मिमीचे गेज आले, ते ‘हाफ ओ’ म्हणजे एचओ. जर्मन माणूस आजही त्याला शून्य म्हणूनच उच्चारतो. साडेसोळा मिमी म्हणजे आपल्या बोटाची रुंदी. जगात सर्वांत जास्त चालणारे गेज हेच.

एचओचे प्रमाण १ : ८७. साडेसोळाला ८७ ने गुणले की १,४३५ मिमी येतात, आणि युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक खऱ्या रेल्वेंचे गेज तेच आहे. हिशेब चोख. पण ब्रिटनमध्ये गंमत झाली. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान, त्यांच्या पोटात त्या काळच्या मोटरी बसेनात. मग इंजिनाचा सांगाडा १ : ७६ असा मोठा केला आणि रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. या तडजोडीला ‘डबल ओ’ म्हणतात. हॉर्नबीने १९३८ साली हीच मापे घेऊन गाड्या काढल्या. परिणाम असा की आजही ब्रिटिश मॉडेल इंजिने खऱ्या हिशेबाने १८ सेंमी अरुंद असलेल्या रुळावर उभी असतात, आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही.

आपली पंचाईत वेगळीच आहे. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमीचे. १ : ८७ ने ते १९.३ मिमी येते आणि तसे रूळ दुकानात मिळत नाहीत. साडेसोळाच्या रुळावर डबा प्रमाणात दिसावा असे वाटत असेल तर त्याचे प्रमाण सुमारे १ : १०० धरावे लागते. बरेच जण एचओच्या रुळावर १ : ८७ चे भारतीय डबे चालवतात आणि तीन मिमीकडे काणाडोळा करतात. त्यात काही पाप नाही.

पण शकुंतलेचे ७६२ मिमी ८७ ने भागून पाहा: ८.७६. आणि १ : १६० च्या ‘एन’ गाड्यांसाठी दुकानात ९ मिमीचे रूळ आयते मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक! म्हणजे शकुंतला, बार्शी लाइट, पाचोरा–जामनेर या महाराष्ट्रातल्या अडीच फुटी गाड्या १ : ८७ प्रमाणात बाजारातल्या रुळावर जवळपास अचूक बसतात. एन गेजच्या छोट्या इंजिनाचा खालचा गाडा घ्यावा, त्यावर १ : ८७ चा सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर काढून किंवा प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून चढवावा; परदेशातले नॅरोगेजवाले असेच करतात. माथेरानच्या दोन फुटीला (६१० मिमी) मात्र ८७ ने ७ मिमी येतात. तिच्यासाठी झेड गेजचे साडेसहा मिमीचे रूळ जवळचे, पण ते इतके नाजूक की सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

नॅरोगेज घेण्याचे दुसरे कारण जागा. आजच्या ब्रॉडगेज गाड्यांचा एलएचबी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. १ : ८७ ने साडेसत्तावीस सेंमी. असे २० डबे लावले की गाडी साडेपाच मीटरची, म्हणजे दिवाणखान्याबाहेर. मुंबई–पुणे १९२ किमी याच प्रमाणात २.२ किमी होतात. अंतर असे कापूनच टाकावे लागते. वळणाचेही तेच. गाडी रुळावर टिकावी म्हणून वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट तरी असावी असा अनुभवाचा नियम आहे. एलएचबीसाठी ती ८२ सेंमी होते, म्हणजे नुसते अर्धवर्तुळ घ्यायचे तरी पावणेदोन मीटर रुंदी गेली. पेटीतल्या ३६ ते ४४ सेंमी त्रिज्येच्या वळणावर इतका लांब डबा चढवला तर त्याचे पोट आत आणि टोके बाहेर लोंबतात. नॅरोगेजचे बुटके डबे त्याच वळणावर सुखाने जातात.

फळी आणि पावसाळा

परदेशी पुस्तके फळीच्या चौकटीवर पानेच्या पाने लिहितात, पण मुंबईच्या जुलैबद्दल त्यांत काही नसते. आमची पहिली फळी साध्या प्लायची होती, तळाकडून न रंगवलेली. आषाढात तिला पोक आला आणि मधला सांधा इतका उचलला गेला की इंजिन दर वेळी त्यावरून उतरायचे. उन्हाने रूळ प्रसरण पावतात हे सगळ्यांना माहीत असते. पण घरातल्या लेआउटवर धातूच्या प्रसरणापेक्षा लाकडाचे फुगणे-आकसणे जास्त त्रास देते.

म्हणून १२ मिमीचा पाण्यात टिकणारा प्लाय घ्यावा, खाली दर फुटा-दीड फुटावर आडवी पट्टी द्यावी, आणि वरची बाजू, खालची बाजू, कडा, भोके सगळीकडे रंगाचे किंवा वॉर्निशचे दोन हात मारावेत. एकच बाजू रंगवली तर दुसरी बाजू ओल पिते आणि फळी वाकते. भिंतीला चिकटून ठेवू नये; वाळवी भिंतीतून येते. फळीची रुंदी ७५ सेंमीपेक्षा जास्त नको, कारण हात त्यापुढे पोचत नाही आणि गाडी नेमकी हात न पोचणाऱ्या जागीच घसरते. उंची छातीशी ठेवली तर गाडी खऱ्या गाडीसारखी बाजूने दिसते. कमरेशी ठेवली तर विमानातून पाहिल्यासारखी.

चढाचा मोह आवरा. एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा तर एचओमध्ये साडेसात-आठ सेंमी उंची लागते. भोर घाटाचा खरा चढ १ : ३७ आहे आणि तिथे कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडावी लागतात. आपण १ : ४० धरला तरी साडेसात सेंमी चढायला तीन मीटर रूळ हवा, उतरायला आणखी तीन. छोट्या फळीवर हे जमत नाही. पण त्याच भोर घाटाने एक युक्तीही दिली आहे. घाट १८६३ साली सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते: गाडी डोंगराच्या टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२०च्या दशकाअखेरपर्यंत हे चालले. अरुंद फळीवर उंची गाठायची असेल तर वळणाला जागा न घालवता ही इंग्रजी झेडसारखी मांडणी करावी. शंटिंगचे काम मिळते ते वेगळेच.

रूळ

पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे नाही, याचे माझे उत्तर सरळ आहे: रूळ आणि सांधे उत्तम घ्यावेत, बाकी सगळे घरी करता येते. रूळ पोलादाचे नकोत, समुद्राकाठच्या हवेत ते गंजतात. निकेल सिल्व्हरचे घ्यावेत. आपल्याकडे भांड्यांमुळे हा मिश्रधातू जर्मन सिल्व्हर म्हणून ओळखीचा आहे. त्यात चांदी नसते, तांबे, जस्त आणि निकेल असते. मीटरभर लांबीचे लवचिक रूळ हव्या त्या वळणाला वाकवता येतात, पण वाकवताना आतला रूळ बाहेर सरकतो; तो कापून कानशीने टोक गुळगुळीत करावे. जोडावर बोट फिरवून पाहावे. जिथे बोटाला लागते तिथे चाकालाही लागणार. सांध्याच्या खाली, बोगद्यात आणि वळणाच्या मध्यावर जोड येऊ देऊ नये. वळण सरळ रुळाला एकदम भिडवण्याऐवजी हळूहळू वळत न्यावे. खऱ्या रेल्वेतही असेच करतात, आणि गाडी वळणात शिरताना जो झटका बसतो तो त्यामुळे नाहीसा होतो.

खडी टाकण्यापूर्वी महिनाभर गाड्या चालवा. दोष असतील ते तेव्हाच कळतात. मग बारीक चाळलेली खडी रुळांमध्ये कुंचल्याने पसरावी, साबणाचा थेंब टाकलेले पाणी फवारून ओली करावी, आणि फेव्हिकॉलमध्ये तितकेच पाणी घालून ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे पाणी खडीच्या ढिगावर गोळा न होता आत मुरते. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र थेंबही नको. आणि खास आपल्याकडची सूचना: खडी किंवा वाळू आपल्या परिसरातून गोळा केली असेल तर आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवा. दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, कोकणच्या काळ्या वाळूतही असते. ते कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर बसते. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवला तर कण झटकायला सोपे जातात.

वीज

साधी पद्धत अशी. दोन रूळ म्हणजे दोन तारा. ० ते १२ व्होल्टचा डीसी प्रवाह एका रुळातून येतो, इंजिनाच्या चाकातून मोटरमध्ये जातो आणि दुसऱ्या रुळाने परततो. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, तारा उलट केल्या की दिशा बदलते. याच पद्धतीत एक सुंदर सापळा आहे. रूळ फिरवून स्वतःलाच उलटा आणून जोडला, तर डावा रूळ उजव्याला मिळतो आणि शॉर्टसर्किट होते. कागदावर नकाशा काढताना दोन रूळ दोन रंगांत रंगवावेत. दोन रंग जिथे भेटतील तिथे दोन्ही रुळांत फट ठेवून तो तुकडा वेगळ्या स्विचवर घ्यावा. मार्क्लिनच्या एचओ गाड्यांना ही अडचण येत नाही, कारण त्या स्लीपरच्या मधल्या बारीक खुंट्यांतून वीज घेतात.

रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटवर विजेसाठी विसंबू नये. वर्षभरात ती सैल होते किंवा काळी पडते. फळीखालून दोन जाड तारा सर्व लांबीभर न्याव्यात आणि दर मीटरला बारीक तार रुळाला डाखाने जोडावी. डाख देताना शेजारच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवला तर प्लास्टिक वितळत नाही. घरातली २३० व्होल्टची वीज फळीपर्यंत आणूच नये. चांगला अडॅप्टर भिंतीपाशीच राहू द्यावा.

एका रुळावर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवायची असतील तर डिजिटल पद्धत हवी. तिला डीसीसी म्हणतात. जर्मनीतल्या लेंझ यांच्या कामावरून अमेरिकेतल्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेने १९९०च्या दशकात तिची मानके ठरवली. रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असते, त्याच प्रवाहात आज्ञा मिसळलेल्या असतात आणि प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला स्वतःचा क्रमांक असतो. ‘३ नंबर, पुढे, मंद’ ही आज्ञा सगळ्या इंजिनांपर्यंत पोचते, पाळते फक्त ३ नंबर. इथे एक परीक्षा आवर्जून करा. फळीवर जागोजागी दोन रुळांवर एक नाणे आडवे ठेवा. प्रत्येक जागी मुख्य यंत्राने वीज लगेच तोडली पाहिजे. तोडली नाही तर तार बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि एखाद्या दिवशी तिथे डब्याचे प्लास्टिक वितळेल.

फळीखालच्या या तारांना कमी लेखू नका. अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ साली विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब निघाला. त्यातल्या काहींना वरच्या गाड्यांपेक्षा खालच्या टेलिफोनच्या रिलेंचे जाळे प्रिय होते. एखादी जोडणी चलाखीने केली की ते तिला ‘हॅक’ म्हणायचे. पीटर सॅमसन या सदस्याने १९५९ साली क्लबच्या खास शब्दांचा कोशही केला. तीच मुले पुढे विद्यापीठातल्या सुरुवातीच्या संगणकांकडे वळली. आज पोलिसांच्या सायबर कक्षात जो ‘हॅकर’ शब्द सतत कानी पडतो, तो असा रेल्वेच्या फळीखालून आलेला आहे.

सह्याद्री सोपा आहे

देखाव्याच्या बाबतीत मराठी माणसाने न्यूनगंड बाळगू नये. दिवाळीत माती-विटांचा किल्ला करून त्यावर अळीव पेरलेल्या प्रत्येकाला उतार कसा उतरतो आणि वाट कशी वळते हे हाताला ठाऊक असते. फक्त किल्ल्याची सामग्री बदलायची. ओली माती आणि उगवते गवत विजेच्या तारांजवळ चालत नाही.

आल्प्सचे सुळके करायला कौशल्य लागते, पण सह्याद्री थरांचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो झाला. दख्खन ट्रॅपमधला ‘ट्रॅप’ हा शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. तेव्हा थर्माकोलचे तक्ते नकाशातल्या समोच्च रेषांसारखे कापून एकावर एक चिकटवा, कड्यांच्या कडा उभ्याच ठेवा, मधल्या उतारावर कागदाचा लगदा किंवा प्लास्टर द्या, की सह्याद्री झाला. चिकटवताना पाण्यात विरघळणारा गोंदच वापरा. इतर काही गोंद थर्माकोल खातात. महिना मात्र आधी ठरवा. श्रावण केला तर सगळे हिरवे आणि कड्यांवरून पाण्याच्या रेघा. माघ केला तर गवत पिवळे, साग उघडा, जमीन तांबूस. दोन्ही एकत्र केले की डोळा लगेच ‘खोटे’ म्हणतो. वाळक्या गवताला काथ्याचे तुकडे, झाडोऱ्याला रंगवलेला लाकडाचा भुसा. कापसाच्या गाठींना अर्थातच कापूस.

धूळ

लेआउट बंद पडण्याचे पहिले कारण धूळ आणि दुसरेही धूळच. आपल्या घरात डोक्यावर पंखा फिरत असतो. चाक आणि रूळ यांच्यामध्ये सूक्ष्म ठिणग्या पडतात, त्यांनी काळा थर जमतो, त्यात तेल आणि धूळ मिसळते आणि इंजिन अडखळू लागते. रुळावर पॉलिश पेपर घासू नका. ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुसावे. तेच कापड रुळावर आडवे अंथरून इंजिनाची निम्मी चाके त्यावर आणि निम्मी उघड्या रुळावर ठेवून चालवले की चाके आपोआप साफ होतात. डब्यांची चाके प्लास्टिकची असतील तर धातूची बसवा, प्लास्टिक मळ पसरवत फिरते. तेल सुईच्या टोकावर राहील एवढेच. आणि चालवून झाले की फळीवर जुनी सुती साडी टाका. माझ्या माहितीत याहून चांगले झाकण नाही.

एखादा डबा पुन्हा पुन्हा घसरत असेल तर एक वही ठेवा: कोणता डबा, कुठे, कोणत्या दिशेने. सगळे डबे एकाच जागी घसरले तर दोष रुळाचा, एकच डबा सगळीकडे घसरला तर डब्याचा. पन्नास नोंदींनंतर लेआउट स्वतःच बोलू लागतो.

वेग हळू ठेवा. ताशी ६० किमी म्हणजे १ : ८७ मध्ये सेकंदाला १९ सेंमी, ताशी २० किमीने जाणारी नॅरोगेज सेकंदाला साडेसहा सेंमीसुद्धा कापत नाही, दीड मीटरची फळी ओलांडायला तिला २३ सेकंद लागतात. नवशिका हेच अंतर तीन सेकंदांत उडवतो. अंतर लहान करता येते, वेळ मात्र आपोआप लहान होत नाही, म्हणून वेळापत्रक चालवणारे सहापट वेगाने फिरणारे घड्याळ लावतात. चार तासांत त्यांचा एक दिवस उलटतो.

मोठ्या लेआउटचे वर्णन मी टाळत आलो, पण तेही सांगायला हवे. हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांत फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली ‘मिनियातुर वुंडरलांड’ उघडले. तिथे १ : ८७ मध्ये हजारावर गाड्या आणि १५ किमीहून अधिक रूळ आहेत; खऱ्या मापात ते १,३०० किमी होतात, मुंबईहून निघालो तर दिल्ली जवळ आली. २०११ पासून तिथे विमानेही उडतात आणि दर पाव तासाने रात्र होते. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. हौशी माणसाने आधी तिथे जावे आणि गाड्यांऐवजी सांधे व सिग्नल कसे काम करतात ते पाहावे. कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलन यांच्या ‘गोरी अँड डिफीटेड’ या लेआउटचे दर्शन मात्र आता छायाचित्रांतच होते. त्यांच्या लेआउटवर एक डायनोसॉर शंटिंग करत असे. १९७३च्या जानेवारीत ॲलन वारले आणि काही दिवसांतच ते सारे आगीत गेले.

मला या सर्वांत जवळचे वाटते ते इंग्लंडमधल्या लाँग विटनम गावचे पेंडन संग्रहालय. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला आला. तिथल्या खेड्यांतली जुनी गवताच्या छपरांची घरे डोळ्यांदेखत बदलताना पाहून त्याने एकेक घर मोजून १ : ७६ मध्ये करायला घेतले. त्यातून १९५४ साली संग्रहालय उभे राहिले. त्यातली कित्येक घरे आता जशीच्या तशी फक्त त्या टेबलावर आहेत.

बार्शी लाइटचे रूळ आता ब्रॉडगेज झाले आहेत, पाचोरा–जामनेर नॅरोगेज २०२० मध्ये थांबली, शकुंतलेच्या स्टेशनांवर गवत वाढले आहे. पण दगडी इमारती, पाण्याच्या टाक्या आणि मालधक्के काही ठिकाणी अजून उभे आहेत. तुमच्या गावाजवळ असे स्टेशन असेल तर परवानगी घेऊन एकदा जाऊन या. दारे, खिडक्या, छपराचा उतार, धक्क्याची उंची टेपने मोजा, जाणत्या म्हाताऱ्यांना कुठला रूळ कुठे जात होता ते विचारा आणि वहीत नकाशा काढा. फोटो काढताना भिंतीला एक मीटरची पट्टी टेकवून ठेवायला विसरू नका. नाहीतर पुढे कुणालाही त्यावरून मापे काढता येणार नाहीत.